कॉम्प्युटरच्या नाकाशी धरलेला कापूस

या, असे जवळ सरकून बसा. औषधाविना उतरलेल्या एका तापाची गोष्ट सांगतो.

आमच्या शेजारी दीर-भावजय राहतात. दीर चाळीस वर्षं गात गात निरूपण करायचे; माणसं भूक-तहान विसरून ऐकायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता सगळं बोलणं पाटीवर. त्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती, तीही पार झिजलेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "आणखी एकदा वाजेल. पुढचं देवाला विचारा."

त्या एका वेळेतच ती कॉम्प्युटरवर उतरवायची होती. कॅसेट नव्वद मिनिटांची. दुसऱ्या एका कॅसेटवर तालीम केली, तर कॉम्प्युटर चाळिसाव्या मिनिटाला तापून बंद.

वहिनी निवृत्त नर्स. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दिसायचं, ते त्यांनी दर दहा मिनिटांनी पेशंटच्या तक्त्यासारखं लिहून काढलं. एकसष्ट, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, मग गप्प.

दिरांनी पाटीवर लिहिलं, "धूळ झाडली. मागे नवा पंखा बसवला. आता काय त्याचे पाय चेपू?"

"चेपा खुशाल, तोवर माझं डोकं तरी खाऊ नका, भाऊजी."

वहिनींनी कापसाची बारीक वात काढली. बेशुद्ध माणसाचा श्वास बघायला नाकाशी धरतात, तशी ती पुढच्या जाळीशी धरली. चिकटली. मागच्या जाळीशी धरली, तिथेही चिकटली.

"अहो, पुढूनही वारा आत, मागूनही आत. बिचाऱ्यानं श्वास सोडायचा कुठून?"

पाटीवर उमटलं, "दोन्हीकडून वारा घातला तर लवकर गार होईल, असं वाटलं."

"माया खरी हो, पण उलटी बसवलीत."

चार स्क्रू काढून वहिनींनी मागचा पंखा फिरवला, वाऱ्याच्या वाटेतल्या वायरी बाजूला बांधल्या. पुन्हा तालीम केली. नव्वद मिनिटांत आकडा बहात्तरच्या वर गेला नाही.

मग खरी कॅसेट लावली. दीर आधी गॅलरीत जाऊन उभे राहिले, धीर होईना. थोड्या वेळाने आत आले, स्पीकरपाशी जमिनीवर बसले आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर ओठ हलवू लागले. वहिनींनी त्या वेळी लिहायला घेतलेला तक्ता मी पाहिलाय. तिसाव्या मिनिटापुढे त्यावर एकही आकडा नाही. वहिनी ऐकत बसल्या होत्या.

कॅसेट शेवटपर्यंत वाजली, मग तुटली. ते निरूपण आता मागेल त्याला मिळतं. ऐकाल तेव्हा गाणाऱ्यापुढे हात जोडालच. पण तो पंखा फिरवणाऱ्या वहिनींचीही तेवढी आठवण ठेवा.