आठशे ग्रॅमचं चेनकव्हर

सायकलीचं वेड वाईट. मला ते चाळिशीत लागलं, आणि तेही मोबाईलवरून. मी शाळेत लिपिक. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायचो आणि समोर मोबाईलवर केरळातल्या एका पोराचे व्हिडिओ लावायचो, आजोबाच्या जुन्या सायकलीला गिअर बसवणारा. मग सत्तरीचे एक सरदारजी सापडले, दाढी बांधून घाट चढणारे. सगळ्यांचा मंत्र एकच, वजन कमी करा, ग्रॅम-ग्रॅम वाचवा. स्वतःच्या पोटाकडे न बघता मी तो मनावर घेतला.

घरात बाबांची काळी सायकल होती. बाबा, म्हणजे देवमन, बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचे खड्डे बुजवायचे, मैलाचे दगड रंगवायचे. सायकल आसेगावच्या आजोबांनी लग्नात आंदण दिलेली. तेव्हा चेनकव्हरवर नाव टाकायची पद्धत होती. बाकीचे पेंटरकडून स्वतःचं नाव काढून घेत. बाबांनी मैलाच्या दगडाच्या पांढऱ्या रंगानं स्वतःच लिहिलं, 'केशर'. केशर म्हणजे माझी माय. आमच्या मेडशी गावात लोक हसले. बाबा म्हणायचे, "सायकल तिच्या बापानं देल्ली, माहं नाव कायले टाकू?"

खरं कारण मला लहानपणी अंगणात दिसायचं. संध्याकाळी सायकल स्टँडवर उभी असायची आणि बाबा मायचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवायचे. माय शाळेत कधी गेली नव्हती. चेनकव्हर हीच तिची पाटी. दरवर्षी दगड रंगवून झाले की डब्याच्या बुडाला उरलेला रंग त्या तीन अक्षरांना मिळायचा. वर्षांवर वर्षं थर बसले आणि अक्षरं चांगली जाड, वर उठून आली. ते दिवस आठवले की मला अजून त्या रंगाचा वास येतो.

बाबा गेल्यावर दहा वर्षं सायकल गोठ्यात पडून होती. केरळातल्या पोरानं मला चेतवलं आणि मी ती मदनसिंगच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली. नवं हँडल, नवी सीट, मागच्या चाकाला सात गिअर. कॅरिअर काढलं, मडगार्ड काढले. गिअरला चेनकव्हर आडवं येत होतं, तेही काढलं. ते मी समोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवलं. आठशे ग्रॅम! तिथंच मोबाईलवर व्हिडिओ काढून रील म्हणून टाकला आणि चेनकव्हर मदनसिंगकडे टाकून हवेत घरी आलो. मूर्खपणाला काही मोजमाप असतं तर तो काटा तुटला असता.

मग उन्हाळ्यात मायला लकव्याचा हलका झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, पण लिहिणं हातातून गेलं. नोव्हेंबरात बाबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. मायनं कागदावर एक उभी रेघ मारली आणि पेन थांबला. कारकून भला माणूस. म्हणाला, "आजी, अंगठा देऊन टाका, चालते."

माय उठून उभी राहिली. "अंगठा मी देत नाही. याच्या बाबानं मले अंगठ्यातून काहाडलं. आता माघारी जाऊ का?"

घरी येऊन ती तडक सायकलीपाशी गेली. बसली, हात पुढे केला, आणि बोटांना नुसती चेन लागली. हाताला काळं ग्रीस आलं.

"माहं नाव कुठी हाये, संघदीप?"

मी घाईघाईनं मोबाईल काढला, व्हिडिओ लावला. काट्यावर चेनकव्हर, त्यावर ठळक 'केशर'. मायनं काच डोळ्याजवळ धरली आणि अक्षरावर बोट ठेवून ओढलं. नाव वर सरकून गेलं. खालून सरदारजी घाट चढत आले.

"हे तं पळून राह्यलं," माय म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मदनसिंगकडे गेलो. त्यानं कपाळावर हात मारला. "चांगला पत्रा होता, लेका. किन्हीराजा गावच्या इंद्रभानच्या सायकलीले बसवून देल्ला. आधी काहून नाही बोलला?" त्याच्याकडून नवं चेनकव्हर घेतलं, पाठीला बांधलं आणि निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलली होती, बाबांनी रंगवलेले दगड कधीचेच उखडले होते. सरदारजींनीही मान डोलवावी अशी सायकल मी त्या दिवशी हाणली.

इंद्रभान दूधवाला. सायकल दारातच होती. चेनकव्हर हिरवंगार. त्यानं सगळी सायकलच हिरवी रंगवून टाकली होती. नाव कुठंच दिसत नव्हतं. माझा चेहरा पाहून त्या बिचाऱ्यानं आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "न्या बाप्पा. पर बदल्यात दुसरं द्या, धोतर अडकते चेनीत." मी पाठीवरचं सोडून दिलं.

येताना एकही गिअर चढवावासा वाटला नाही. मायसमोर ते हिरवं चेनकव्हर ठेवलं आणि म्हणालो, "माय, नाव गेलं. रंग देल्ला त्यायनं."

मायनं पत्रा मांडीवर घेतला. बोट कडेकडेनं सरकत मधे आलं आणि एका जागी थांबलं. मग खाली उतरलं, वळलं, वर मात्रेपर्यंत गेलं.

"कुठी गेलं? हे काय के," ती म्हणाली. "हा श. हा र."

मी हात लावून पाहिला. हिरव्या रंगाखाली तीस वर्षांचे थर तसेच उभे होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

आठ दिवस माय तो पत्रा मांडीवर घेऊन बसली. नवव्या दिवशी बँकेत तिनं आधी पदरावर बोट फिरवलं, मग पेन उचलला. अक्षरं वाकडी आली, पण तीन आली. कारकुनानं जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला.

रविवारी मदनसिंगनं गिअर काढले आणि चेनकव्हर परत जागेवर बसवलं. "अन् ते मोबाईलवाले काय म्हनतीन?" त्यानं डोळा मारत विचारलं. मी त्याला कॅरिअरही परत लावायला सांगितलं.

संध्याकाळी अंगणात सायकल स्टँडवर लावली. पांढऱ्या रंगाची लहान डबी आणली होती. माय शेजारी बसली. मी ब्रश फिरवत गेलो, ती बोटानं रस्ता दाखवत गेली. नाव पूर्ण झाल्यावर तिनं ओल्या अक्षरावरच बोट ठेवून पाहिलं आणि पांढरं झालेलं बोट माझ्या सदऱ्याला पुसलं.

"अजून एक हात मार," ती म्हणाली. "तुहा बाप दोन मारे."