राधीचा कागद

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मी एक जुना मोडी कागद आहे आणि गेली पन्नास वर्षं एका तसबिरीच्या पाठीत कोंबलेला आहे. पुढे काचेतून कुरणवाडकरांची वंशावळ मिरवते. मागे मी, पुठ्ठ्याला नाक लावून. ऐकू सगळं येतं, दिसत काही नाही.

माझा जन्म मात्र मानाचा. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांनी कुरणवाडकर इनामदारांच्या कारकुनाने मला बोरूने लिहिलं. राधी ही त्यांची कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी. तिला आणि तिच्या मुलाला मोकळं केल्याचा मी दाखला. राधीने मला चिंधीत बांधून जन्मभर कमरेला वागवलं. तेवढी माया माझ्यावर पुन्हा कुणी केली नाही. तिच्या मुलाला लोक 'कुरणवाडकरांचा' म्हणत. नातवापर्यंत तेच आडनाव होऊन बसलं.

पुढे राधीच्याच वंशात आत्माराम जन्मले. भूमापन कचेरीत नोकरी, मोडी वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. मला त्यांनी एकदाच वाचलं आणि घडी घालून ठेवलं. बहिणींची लग्नं व्हायची होती. त्यांनी इनामदारांची छापील वंशावळ मिळवली, तळाशी सुबक अक्षरात आपल्या वडिलांचं नाव जोडलं आणि तसबीर करून घेतली. त्यांच्याने मला फाडवेना की कुणाला दाखववेना, म्हणून मी मागे गेलो.

त्यांच्या मुलाबरोबर, गुरुदत्तबरोबर, तसबीर जर्मनीत बॉबलिंगेनला आली. मराठी मंडळाची माणसं जेवायला आली की तो त्यांना तिच्यासमोर उभं करून इनामदारीच्या गोष्टी सांगे. बिचाऱ्याला खरं ठाऊकच नव्हतं, त्यामुळे त्याला खोटारडाही म्हणवत नाही. माझा मात्र जीव गुदमरे.

यंदा त्याच्या मुलीला, मैत्रेयीला, शाळेने 'श्टामबाउम' करायला सांगितलं, म्हणजे घराण्याचं झाड. काचेवर उजेड चमकून फोटो नीट येईना. तिने तसबीर उतरवली, मागचे बारीक खिळे काढले, आणि मी तिच्या मांडीवर पडलो. उजेड मला सोसेना. आत्माराम तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर तिथेच होते.

"आजोबा, वास श्टेट दा? काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग ओळींवर बोट ठेवून सगळं वाचलं, आणि कुणबीण म्हणजे काय तेही सांगितलं. गुरुदत्त दारात उभा राहून ऐकत होता.

"बाबा, सोमवारी तिला वर्गात बोलायचंय," तो म्हणाला. "हे आत्ता नको. ठेवा ते परत."

"पन्नास वर्षं ठेवलंच होतं रे," आत्माराम म्हणाले. "बहिणींचे संसार झाले. त्या बाईचं नाव मात्र मला कधी घेता आलं नाही."

मैत्रेयीने विचारलं, "आल्झो, म्हणजे राधीचं आडनाव काय होतं?"

"तिला नव्हतं बाळा."

गुरुदत्तने मला आत सारलं आणि खिळे ठोकले. खरं सांगतो मित्रांनो, पहिल्या पन्नास वर्षांहून त्यानंतरचे चार दिवस मला जड गेले. एकदा वाचून झालेल्या कागदाला अंधार फार सलतो.

सोमवारी वर्गात काय झालं ते मला कसं कळणार? संध्याकाळी मात्र काचेवर टेप चिकटवल्याचा आवाज आला. मैत्रेयीने आपलं झाड वंशावळीवर डकवलं होतं. मग तिने आजोबांना ते मुळापासून वाचून दाखवलं. पहिलं नाव राधी. आत्माराम बराच वेळ नाक पुसत होते.

जुने कागद तुम्ही वाळवीपासून जपताच. मित्रांनो, ते आपल्या लाजेपासूनही जपा. वाळवी निदान सगळं एकदम खात नाही.

आत्ताच गुरुदत्त कामावरून आलाय. त्याने जोडे काढले आणि तो तसबिरीसमोर येऊन थांबला. मी कान देऊन आहे. टेप ओढल्याचा आवाज अजून आलेला नाही.