दर्शनी भिंतीवरचं नाव

हॉस्पिटल हजार खाटांचं, पण त्याचं सरकारी नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे म्हणायचे, मावशीचं हॉस्पिटल. साथीच्या वर्षी भलेभले रजा टाकून पसार झाले, तेव्हा मुलांच्या वॉर्डातली ही आया त्रेचाळीस दिवस घरी गेली नाही. तशा आयांना सगळेच मावशी म्हणतात, पण त्या वर्षापासून शहराला मावशी एकच. आता ती थकल्यावर वरच्यांना जाग आली. हॉस्पिटलला तिचं पूर्ण नाव द्यायचं ठरलं, आणि नावामागचा इतिहास एका पानात लिहून देण्याचं काम निवृत्त रेकॉर्ड क्लार्ककडे, म्हणजे भाऊसाहेबांकडे आलं.

भाऊसाहेबांची पाचावर धारण बसली. दर्शनी भिंतीवर चढणारं नाव मावशीचं नव्हतंच. ते तिच्या थोरल्या बहिणीचं होतं.

नोकरी लागली होती थोरलीला. रुजू व्हायच्या आधीच ती तापानं याच हॉस्पिटलात गेली. मागे दोन तान्ही पोरं, म्हातारी आई आणि ही धाकटी. चूल कशी पेटायची हा प्रश्न होता. तरुण भाऊसाहेबांना राहवलं नाही. त्यांनी मृत्यूच्या नोंदवहीत धाकटीचं नाव लिहिलं, आणि धाकटी थोरलीच्या नावानं कामाला लागली. भलेपणा म्हणायचा तर तेवढाच.

पुढचं मात्र भलेपणाचं नव्हतं. वर्षभरानं नवे साहेब आले, माणूस देवासारखा. मावशीनं त्यांच्यासाठी अर्ज लिहवून आणला. झालं ते कबूल आहे, पण माझं नाव मला परत द्या. भाऊसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला, घरी नेला आणि फाडला. खोटी नोंद त्यांच्या अक्षरात होती, त्यांचीच नोकरी गेली असती. महिन्याभरानं त्यांनी तिला सांगून टाकलं, "साहेब नाही म्हणाले."

आज ते तिच्या खोलीत बसले होते. म्हातारपणीही तिनं खाटेवरची चादर वॉर्डातल्यासारखी ताणून खोचली होती. भाऊसाहेबांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे साहेब नाही म्हणालेच नव्हते?"

"त्यांच्यापर्यंत अर्ज गेलाच नाही."

"आणि मी जन्मभर त्या माणसाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "वारले तेव्हा सगळं हॉस्पिटल गेलं. मी नाही गेले."

"उद्याच जाऊन खरं काय ते सांगतो. माझं व्हायचं ते होऊ दे."

"आता शहाणपण सुचलं होय? पोरांच्या कागदोपत्री आई म्हणून ताईचं नाव आहे. मला आई म्हणतात ती. त्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही. या वयात त्यांना सांगू, की तुमची आई कधीच गेली, मी आपली खरोखरीची मावशी? तेव्हा ती एवढीएवढीशी होती, भाऊसाहेब. तेव्हा सगळं जमलं असतं."

भाऊसाहेबांना रडू फुटत होतं. पण इथे रडायचा हक्क आपला नाही, एवढं त्यांना कळत होतं. बाकीचं सगळं उशिरा कळलं होतं, आणि उशिरा कळून काडीचा उपयोग नव्हता.

"लिहिलंय का काही त्या पानावर?" तिनं विचारलं.

"तुमची नोकरी, साथीचं वर्ष. एवढंच."

"मग पुढे लिहा. त्यांना एक धाकटी बहीण होती. तिचं नाव घाला."

भाऊसाहेबांनी पेन काढलं आणि लिहिलं. "आणि पुढे?"

"पुढे काय, तरुणपणीच वारली. तुमच्याच वहीत आहे ना तसं."

त्यांनी तेही लिहिलं.

"वाचा बघू. सगळं नको, नुसतं नाव."

त्यांनी वाचलं. आई गेल्यापासून त्या नावानं तिला कुणीही हाक मारली नव्हती.

"ओ," मावशी म्हणाली.