कॅमेलियाच्या मुळाशी

अंगणातलं कॅमेलियाचं फुलझाड मरायला टेकलं होतं आणि धाकटी जाऊ त्याला मरू द्यायला तयार नव्हती. पानं पिवळी पडलेली, कळ्या धरायच्या आणि उमलायच्या आधीच टपाटप गळायच्या. बिचारीने काही म्हणून करायचं बाकी ठेवलं नव्हतं! नळाचं पाणी त्याला मानवत नाही म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवलं, कुजलेला पालापाचोळा घातला, दुपारच्या उन्हाला जुनी चादर बांधली. झाड आपलं ढिम्म.

आता खणून मुळं बघणं एवढंच उरलं होतं, आणि तिथेच ती अडून बसली होती. झाड नवऱ्याने लावलेलं. तो जाऊन दोन वर्षं होत आली. चांगला हिंडताफिरता माणूस, कामावरून आला, पाणी मागितलं आणि पेला हातात घ्यायच्या आधीच संपला. त्याच्या हातची जिवंत अशी ही एकच गोष्ट उरलेली. तिला धक्का लागून तीही गेली तर?

"अगं, हात नाही लावलास तरी जाणारच आहे ते," थोरली जाऊ कुदळ घेऊन आली. "सरक बाजूला."

"थांबा जाऊबाई, मीच खणते. तुम्ही कुदळ धरलीत की रस्ता खणायला निघाल्यासारखं वाटतं."

खरं सांगायचं तर या झाडावर धाकटीचा रागही होता. रोप तिनेच आणलेलं, आणि नवऱ्याला बजावलेलं, "हे इथे नाही हं लावायचं. आपलं वेगळं घर होईल, तिथे लावू." दिराच्या घरातल्या एका खोलीत तिला जन्म काढायचा नव्हता. नवरा म्हणाला, "होईल गं." आणि ती माहेराहून येऊन बघते तो काय, रोप याच अंगणात जमिनीत! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इथेच राहायचं, आणि तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून झाड लावून सांगितलं. कितीतरी दिवस तिने अबोला धरला. तो एकदोनदा म्हणाला, "अगं, ऐक तरी." पण ही ताडकन उठून जायची. पुढे बोलणं सुरू झालं, पण घराचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

खुरपं कशावर तरी खट्कन आपटलं.

"दगड असेल," थोरली म्हणाली.

कसला दगड! रंगाच्या मोठ्या बादलीची कड होती ती. झाड बादलीसकट पुरलेलं होतं. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत घट्ट आवळली होती, त्यांना पसरायला बोटभर जागा नव्हती.

"अगं बाई!" थोरलीने तोंडावर हात ठेवला. "बादलीतून काढलंच नाही?"

धाकटीचं टाळकंच सटकलं. "आळस, दुसरं काय! मी इथे जीव टाकतेय आणि ह्यांनी एवढंही धड करू नये?" ती तावातावाने माती उपसू लागली, आणि एकदम तिचा हात थांबला.

मातीत लाल वायर होती. नवरा वायरमन. बादलीला दोन बाजूंनी भोकं पाडून त्याने पिळलेल्या वायरच्या दोन कड्या ओवल्या होत्या. हाताला टोचू नये म्हणून टोकं आत दुमडलेली, वर टेप गुंडाळलेली.

आळशी माणूस उचलायच्या कड्या कशाला करेल?

तिने एक कडी मुठीत धरून ओढून पाहिली. "जाऊबाई, हे तात्पुरतं होतं हो. ह्यांना हे उचलून न्यायचं होतं. नव्या घरी."

थोरलीचा चेहरा पडला. "म्हणजे भाऊजी जाणार होते? आम्हाला काही न सांगता?"

"मलाही कुठे सांगितलं?" धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

थोरलीने दुसऱ्या कडीवरची माती बोटाने पुसली. मग म्हणाली, "उचल हवं तर. मोठ्या कुंडीत लावू. उद्या तुला कुठे जावंसं वाटलं तर जाईल तुझ्याबरोबर."

"मी कुठे जाऊ आता? वेगळं घर करून भांडू कुणाशी?" धाकटीने नाक पुसलं. "ह्यांची पक्कड आणा."

तिने कड्या तोडल्या, बादली फाडली, गुंता हलक्या हाताने मोकळा केला आणि झाड तिथेच, थोडं उथळ, भुसभुशीत मातीत लावलं. वर्षभर दोघींच्या जिवाला घोर होता.

थंडीत एका सकाळी थोरलीने अंगणातून आरोळी ठोकली. धाकटी तशीच धावली. पांढरं, तळहाताएवढं फूल! ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. उभ्या संसारात तिने नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"मी उठून जात होते, तर हात धरून बसवायचं होतंस रे मला, मेल्या," ती म्हणाली.

थोरलीने ते ऐकलं, आणि ती पिंपातलं पाणी आणायला गेली.