आईचे पांढरे हातमोजे

बाबांवर मी लिहिलेलं पुस्तक वाचायला मी आमच्याच चर्चमध्ये उभी राहिले. माझे बाबा म्हणजे गायक रॉस्को टिलरी. ते जाऊन वर्ष झालं, तरी मेम्फिसच्या आमच्या भागात त्यांच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. पहिल्या रांगेत आई बसली होती, पांढरी हॅट आणि पांढरे हातमोजे घालून. पुस्तकातलं एक पान मी तिला दाखवलंच नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये कोणी गप्प बसून ऐकत नाही. मी वाचत होते आणि माणसं "खरंय", "सांग पोरी" म्हणत साथ देत होती. मग ते पान आलं. मी सात वर्षांची असताना बाबांनी पहिल्यांदा आईवर हात उचलला आणि तिचं बोट मोडलं, एवढं वाचलं आणि साथ थांबली. लोकांच्या हातातले पंखेसुद्धा थांबले. मी पुस्तक मिटलं.

"का थांबलीस?" आईने विचारलं.

"आई, घरी बोलू ना."

"घरी बोलायचं असतं तर पुस्तक कशाला काढलंस?" ती काठी टेकत उठली आणि तिने एक हातमोजा काढला. तिची दोन बोटं वाकडी होती.

"डेनिटा, तुझ्या पुस्तकात चूक आहे. ती पहिली वेळ नव्हती."

मागून कोणीतरी आईला हळूच म्हणालं, "सांग, अर्लीन."

मला मात्र वाटलं, नको सांगूस.