तिरपा उजेड

स्क्रू इतका बारीक होता की बोटाला चिकटून वर आला तेव्हा तिला तो धुळीचाच कण वाटला, ती झटकणारच होती – तेवढ्यात त्याचे आटे चमकले. तिने तो डबीच्या झाकणात बाकीच्या सातांशेजारी ठेवला. आता पाठीचं झाकण सुटेल. दादाच्या लॅपटॉपचं. दादा जाऊन दोन महिने झाले होते.

काल वहिनी तो कापडी पिशवीतून घेऊन आली होती. "बटण दाबलं की दिवा लागतो, आत पंखा फिरतो, पण पडदा काळाच," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, टाकून द्या. पण वन्सं, पोरींचे लहानपणचे सगळे फोटो ह्यात आहेत हो. तुमच्या हाताला यश आहे, एकदा बघा." आणि तिने 'बरं' म्हटलं. नाही कसं म्हणणार? सहा वर्षांत त्या घराने तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

सुट्टीचा दिवस, घरात कुणी नाही, जेवणाच्या टेबलावर खिडकीतून ऊन आलेलं. तिने चार्जर काढला, बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. मग मेमरीची पट्टी काढून तिच्या पितळी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवलं. हे तिला जमत होतं. वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तिने हेच केलं – कुठला काटा किती चुकतो ते शोधायचं आणि कागदावर लिहून खाली सही करायची. दुसऱ्याची चूक ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत…

आणि दादाची चूक तिने चार ओळींत लिहिली होती. बाबांचं सगळं आटोपल्यावर आठव्या दिवशी, ई-मेलने, समोरासमोर बोलायची छाती नव्हती म्हणून. 'दुपारपासून छातीत दुखत होतं आणि तू त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नेलंस. तू वाट पाहिलीस. बाबांना तू मारलंस. यापुढे मला बहीण म्हणू नकोस.' त्यावर दादाचं उत्तर नाही. रागाचं नाही, समजुतीचं नाही, ब्रसुद्धा नाही. उत्तर नाही म्हणजे कबुली, असं तिने मानलं आणि त्या मानण्यावर तीन वर्षं काढली – तोवर एक दिवस बँकेच्या रांगेत बाबांचे डॉक्टर भेटले आणि सहज बोलता बोलता म्हणाले, "अहो, आदल्या दिवशी आणलं असतं तरी काही हाती नव्हतं. मी तुमच्या भावाला तेव्हाच सांगितलं होतं की."

तेव्हाच सांगितलं होतं! म्हणजे तिची मेल वाचताना दादाला ठाऊक होतं. एक ओळ लिहिली असती – डॉक्टरांना विचार – तर ती जागच्या जागी गप्प झाली असती. तो का बोलला नाही? आणि मी… मी का नाही बोलले? त्या दिवशी रांगेतून बाहेर पडून फोन लावायचा होता. आज लावू, उद्या लावू, त्याच्या वाढदिवसाला लावू, असं करत आणखी तीन वर्षं. मग फोन आला तो वहिनीचा.

तिने पट्टी बसवली, बॅटरी जोडली, बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळा. पण काही क्षणांनी सुरू झाल्याची ती छोटीशी धून वाजली. म्हणजे यंत्र नीट चाललंय, फक्त पडद्यामागचा दिवा गेलाय. चित्र असणार. तिने खिडकीचा पडदा ओढला, टॉर्च आणला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर अगदी तिरपा धरला.

होतं. राखाडीवर राखाडी, पाण्याखाली दिसावं तसं. दोन मुली कुठल्याशा पायरीवर बसलेल्या, आणि कडेला फायलींची रांग. ती टॉर्च तसूतसूने खाली सरकवत गेली. 'फोटो जुने'. 'फोटो धाकटी'. 'घर दुरुस्ती'. आणि त्याखाली – 'ठकीस'.

ठकी. जगात एकच माणूस तिला या नावाने हाक मारायचा.

टॉर्चचा कोन ढळला आणि सगळं पुन्हा काळं झालं. त्याच वेळी फोन वाजला.

"काय हो वन्सं, लागला का?"

"फोटो आहेत वहिनी. सगळे आहेत. दुसरा पडदा जोडला की काढता येतील."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाई गं… जीव भांड्यात पडला." मग वहिनी म्हणाली, "शेवटी शेवटी हे रोज काहीतरी टाइप करत बसायचे. चार ओळी लिहायच्या, पुसायच्या. विचारलं तर म्हणायचे, जमत नाहीये. तसलं काही दिसतंय का?"

"अंधुक आहे," ती म्हणाली. "नीट वाचता येत नाहीये."

फोन ठेवल्यावर ती बसून राहिली. दुसरा पडदा आतल्या खोलीत होता, तार त्याच्याच मागे. पाच मिनिटांचं काम. इतकी वर्षं तिला वाटत होतं, दादाने काही लिहिलंच तर तो तिला सोलून काढेल, आणि त्याची तिने मनोमन तयारी करून ठेवली होती – नव्हे, ती त्याची वाटच पाहत होती. त्याने शिव्या दिल्या असतील तर किती बरं! त्या खाली मान घालून घेता येतील. पण शिव्या काही पुसून पुसून लिहाव्या लागत नाहीत… शिव्या द्यायला जमत नाही, असंही होत नाही… आणि तिला प्रथमच एक वेगळी भीती वाटली, की दादाने तिचं ते चार ओळींचं खरं मानलं असेल, डॉक्टरांचं नाही, तिचं – आणि त्या फायलीत तो तिची माफी मागत असेल.