मूळपुरुषाचा उंचवटा

परिषदेच्या दारातच कोणीतरी त्यांच्या हातात टी-शर्ट कोंबला आणि तिथूनच त्यांचा पारा चढला. विद्यापीठांत शिकवणारी, डोक्याला टक्कल पडलेली माणसं एकसारखे टी-शर्ट घालून सहलीला निघालेल्या शाळेसारखी हिंडत होती. लॅपटॉपवर चिकटवायच्या स्टिकरसाठी रांग लागली होती आणि त्या रांगेत एक विभागप्रमुखही होते. मूळपुरुषांनी टी-शर्ट चिमटीत धरून खुर्चीवर टाकला. टाकला खरा, पण त्याच्या छातीवर काय छापलंय ते आधी नीट पाहून घेतलं. छातीवर त्यांचाच आलेख होता.

मूळपुरुष हे काही त्यांचं नाव नव्हे. शास्त्रातली किचकट गणितं सोडवणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरची ही वार्षिक परिषद, त्याची पहिली ओळ त्यांनी लिहिली होती, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना तसं म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. त्यात थट्टा आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलेलं बाकी सगळं नव्या पोरांनी कधीच पाडून नव्याने बांधलं होतं. उरला होता तो समीकरणं सोडवणारा एक भाग, ज्याला सगळे 'सॉल्व्हर' म्हणत. तेवढ्यावर अजून त्यांचं नाव होतं.

याच सॉल्व्हरने त्यांनी तरुणपणी एका झुलत्या पुलाचं गणित सोडवलं होतं. वारा वाढला की पुलाचा हेलकावा वाढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण वाऱ्याच्या एका ठरावीक वेगाला तो आलेख अचानक वर उसळतो, हे त्यांनी दाखवलं. त्या उंचवट्यावर त्यांना नोकरी मिळाली, बढती मिळाली, आणि आता टी-शर्टही निघाला होता.

बाकी परिषद म्हणजे निव्वळ पोरखेळ. पहिलं भाषण अध्यक्षांचं, 'आपण सारे एक कुटुंब' या विषयावर. अध्यक्षांना कोड लिहिताना पाहिलेला माणूस त्या सभागृहात शोधून सापडला नसता, पण कोणी काहीही विचारलं की ते "खूपच छान प्रश्न" म्हणत आणि उत्तर द्यायचं विसरत. मग एक पठ्ठ्या प्रात्यक्षिक दाखवायला उठला, प्रात्यक्षिक मधेच बंद पडलं, आणि तो म्हणाला, "माझ्या मशीनवर चालत होतं हो." लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. बाहेर एक जण भिंतीवरच्या स्वतःच्या पोस्टरशेजारी उभा होता, आणि कोणीच येईना म्हणून आपलं आपणच वाचत होता. मूळपुरुष शेवटच्या रांगेत बसून प्रत्येकाला नाकं मुरडत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मंडळी, दुसरं काय!

या मंडळींत त्यांची सूनही होती. मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्यांनी आपल्या काळच्या संगणकभाषेबद्दल विचारलं होतं, "फॉरट्रान येतं का?" ती नाही म्हणाली, तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पुढे ती याच सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्यांत गेली. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, ती नेमकं काय करते हे त्यांना सांगता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी सकाळी फळ्यावर दुपारच्या सत्रांचा कागद लागला. त्यात लिहिलं होतं: 'जुना सॉल्व्हर काढून टाकणे'. मांडणार, सून.

चहाच्या टेबलाशी त्यांनी तिला गाठलं. "हा काय प्रकार आहे?"

"बाबा, प्रस्ताव महिनाभर सगळ्यांसमोर होता. तुम्हालाही मेल आली होती."

"मी त्या मेल्स वाचत नाही. कोणी स्वल्पविराम हलवला तरी पन्नास जण अभिनंदन करतात."

"कारण एवढंच दिलंय की त्याची देखभाल करायला माणूस नाही." तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तेवढ्यावर जाऊ द्या ना. बाकीचं घरी गेल्यावर बोलू."

"माणूस नाही? मग मी कोण, भूत?"

"घरी बोलू, बाबा."

ती घाबरली आहे, असं त्यांना वाटलं. त्यांना बरं वाटलं.

या लोकांत मतदानाची पद्धत नव्हती. कोणाची हरकत आहे का, असं विचारायचं; कोणी बोललं नाही, तर मंजूर. दुपारी सुनेचा प्रस्ताव मांडून झाला आणि अध्यक्षांनी तसं विचारलं. मूळपुरुष उठले, ताडताड पुढे गेले आणि त्यांनी अध्यक्षांच्या हातातला माइकच घेतला.

"हरकत आहे," ते म्हणाले. "तुमच्यापैकी निम्मे लोक याच सॉल्व्हरवर डॉक्टर झाले. आता म्हणे देखभालीला माणूस नाही. टी-शर्ट छापायला माणसं आहेत! हे कारण नाही, हा आळस आहे. खोट दाखवा. एक खोट दाखवा, सॉल्व्हर काढा म्हणून मीच सांगतो."

"बाबा, नको," सून म्हणाली. एरवी सभेत ती त्यांना सर म्हणत असे.

"सभेत बाबा नाही. सभेत कारण लागतं. आहे का तुझ्याकडे?"

मागून कोणीतरी टाळी वाजवली. सुनेने लॅपटॉप पुढे ओढला. मग पुलाचं गणित पडद्यावर आणलं.

सॉल्व्हर आधी एक अंदाज बांधतो, मग तो सुधारतो, पुन्हा सुधारतो. दोन अंदाजांत फरक उरला नाही की ते उत्तर. कधीकधी फरक मिटतच नाही. अशा वेळी शंभर फेऱ्यांनंतर थांबायचं आणि जमलं नाही म्हणून सांगायचं. मूळपुरुषांचा सॉल्व्हर थांबत असे, पण सांगत नसे. शेवटचा अंदाज तोंड वर करून उत्तर म्हणून देत असे. का, ते त्यांना उभ्या उभ्या आठवलं. एका सहकाऱ्याने तेव्हाच सुचवलं होतं की इथे एक इशारा टाकू या. ते म्हणाले होते, "मूर्खांसाठी पाट्या रंगवायला मी बसलेलो नाही. ज्याला गणित मांडता येतं त्याला इशारा लागत नाही."

सुनेने त्या इशाऱ्याची एक ओळ घातली आणि गणित चालवलं. जिथे जमलं नाही तिथे लाल ठिपके उमटले. सगळे ठिपके उंचवट्यावर होते. बाकी आलेखावर एकही नव्हता. मग तिने फेऱ्यांची मर्यादा वाढवली आणि पुन्हा चालवलं. उंचवटा गेला. वारा वाढत होता, तसा हेलकावा वाढत होता, शेंबड्या पोरालाही कळेल असा.

सभागृहात लोक आपापल्या छातीकडे पाहू लागले. एका प्राध्यापक बाईंनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. कोणीतरी हसेल म्हणून मूळपुरुष वाट पाहत होते. हसणाऱ्याला द्यायचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. कोणीच हसलं नाही. ज्या लोकांची त्यांनी आयुष्यभर कीव केली, ते सगळे आता त्यांच्याकडे कीव करूनच पाहत होते. ते त्यांना सोसेना.

"काढा तो," ते अध्यक्षांना म्हणाले. अध्यक्षांनाही "खूपच छान" म्हणायचं सुचलं नाही.

मग ते सुनेजवळ गेले आणि तिच्यापुरतं ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "चार लोकांत माझी अब्रू घालवलीस. घरी सांगता येत नव्हतं?"

तिने त्यांच्या हातातल्या माइककडे पाहिलं आणि तो घ्यायला हात पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. "आधी सांग."

"सांगितलं होतं, बाबा. तीनदा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, भाजीत मीठ कमी आहे. दुसऱ्यांदा म्हणालात, आज जास्त झालंय."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तुम्ही माझ्याशी बोललातच नाही. ह्याला म्हणालात, तुझ्या बायकोला सांग, जेवताना मधे मधे बोलू नये."

माइक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ते नीट ऐकू गेलं.